रुपया कोणाच्या वचनाचा?

पैसा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आपण खिशातून एक नोट काढून दाखवतो. उत्तर पुरेसे वाटते, आणि प्रश्न तेथेच संपतो. परंतु ती नोट जरा निरखून पाहावी. शंभराची नोट असेल तर तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची स्वाक्षरी असते, आणि त्या स्वाक्षरीच्या आधाराने धारकाला शंभर रुपये देण्याचे वचन छापलेले असते. नोट ही मुळात एक वचनचिठ्ठी आहे. त्या कागदाची स्वतःची किंमत ती किती! त्याला शंभराचे मोल येते ते वचन देणारी संस्था विश्वासाची आहे म्हणून.

आता आपले पासबुक उघडावे. तेथेही शंभर रुपये जमा दिसतात आणि तेही आपण तितक्याच निःशंकपणे पैसे मानतो. पण हे वचन कोणाचे? ते रिझर्व्ह बँकेचे नाही. ज्या बँकेत आपले खाते आहे, त्या बँकेने आपल्याला दिलेले ते वचन आहे. आपण आपली रक्कम तिला उसनी दिली आहे, आणि मागताक्षणी परत करण्याचे तिने कबूल केले आहे. नोट आणि ठेव या दोहोंना आपण एकच नाव देतो, कारण एकीचे रूपांतर दुसरीत केव्हाही होते. तरीही ऋणको निराळा, आणि म्हणून जोखीमही निराळी.

जगातील मध्यवर्ती बँकांपुढे आज जो प्रश्न आहे, तो या दोन वचनांमधील फरकातून निर्माण झाला आहे. मध्यवर्ती बँकेने नोटेप्रमाणेच आपले स्वतःचे डिजिटल चलन काढावे काय, आणि काढावे तर कोणत्या रीतीने? पुष्कळांना वाटते की हा वाद पैसा डिजिटल व्हावा की न व्हावा, असा आहे. तसे नाही. बँकांची खाती कित्येक वर्षांपूर्वीच संगणकावर गेली. पगार, पेन्शन, विजेचे बिल यांतील बहुतेक पैसा आज कागदाचे रूप कधी धारणच करीत नाही. प्रश्न असा आहे की, या नव्या रूपात सामान्य माणसाच्या हाती केवळ बँकांचे वचन राहणार, की राज्यसंस्थेचे वचनही राहणार?

हा प्रश्न नवा दिसला तरी त्याचे मूळ जुने आहे. पेशवाईच्या काळी आपल्याकडे अनेक टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी रुपया होता, चांदवडी होता, बाहेरून आलेला सुरती आणि अर्काटीही होता. सगळ्यांचे नाव रुपयाच. पण एका गावचा रुपया दुसऱ्या गावी नेला की सराफ त्याचे वजन आणि कस पाही आणि त्यावर बट्टा घेई. व्यापाऱ्याला प्रत्येक व्यवहारात दोन हिशेब करावे लागत, एक मालाचा आणि एक नाण्याचा. आजही आपण ‘नावाला बट्टा लागला’ असे म्हणतो, तेव्हा सराफाच्या पेढीवरचाच शब्द वापरीत असतो. पुढे १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा रुपया चालू केला, आणि हळूहळू नाण्यावरचा बट्टा मावळला.

कागदी नोटांच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. प्रारंभी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील इलाखा बँका आपापल्या नोटा काढीत. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने तो अधिकार त्यांच्याकडून काढून सरकारकडे घेतला. हा बदल किती वेळेवर झाला, हे सात वर्षांतच दिसून आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा जो सट्टा माजला, तो १८६५ साली कोसळला. आणि त्या धक्क्यातून न सावरलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली मोडीत निघाली. त्या वेळी बाजारातील नोटा तिच्या नावाच्या असत्या, तर सट्ट्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा माणसांच्या हातातील कागदालाही बट्टा लागला असता. पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि नोटा काढण्याचे काम तिच्याकडे आले. १९४३ साली चिंतामणराव देशमुख तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या स्वाक्षरीच्या नोटा ज्यांनी हाताळल्या, त्यांतील फार थोड्यांना चलनशास्त्र ठाऊक असेल. पण नोट देशभर एकाच मोलाने चालते, एवढे प्रत्येकाला ठाऊक होते.

ठेवींची गोष्ट मात्र वेगळी राहिली. १९६० साली लक्ष्मी बँक आणि केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाल्या, आणि ठेवीदारांच्या हलाखीने सारा देश हादरला. त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा सुरू झाला. प्रारंभी त्याची मर्यादा दीड हजार रुपये होती, २०२० पासून ती पाच लाख रुपये आहे. तरीही विमा म्हणजे हाती असलेली रोकड नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना प्रथम सहा महिन्यांसाठी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. ही मर्यादा पुढे वाढवण्यात आली. परंतु शाळेची फी, औषधोपचार, मुलीचे लग्न यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम खात्यावर दिसत असूनही हाती येत नाही, हा अनुभव त्या खातेदारांनी घेतला. त्याच दिवशी ज्यांच्या कपाटात शंभराच्या नोटा होत्या, त्यांच्या नोटा मात्र पूर्वीइतक्याच चालत होत्या. दोन वचनांतील फरक असा संकटाच्या दिवशी कळतो.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका सहज येईल. फोनवरून भाजीवाल्याला पैसे देण्याची सोय आपल्याला मिळालीच आहे. मग आणखी निराळा डिजिटल रुपया कशासाठी? यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरून एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. तिचे यश निर्विवाद आहे. पण यूपीआय हा पैसा नाही, ती पैशाची वाट आहे. त्या वाटेने एका बँकेतील ठेव दुसऱ्या बँकेत जाते. म्हणजे एका बँकेचे वचन मिटते आणि दुसऱ्या बँकेचे लिहिले जाते. डिजिटल रुपयात रिझर्व्ह बँकेचे वचनच एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाते. जुन्या भाषेत सांगायचे तर यूपीआय हुंडीच्या जातीची आहे आणि डिजिटल रुपया नाण्याच्या जातीचा.

आपल्याकडे या चलनाला कायद्याचा आधार २०२२ च्या वित्त अधिनियमाने मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातील बँकनोटेच्या व्याख्येत डिजिटल रूपाचाही समावेश करण्यात आला. १ नोव्हेंबर २०२२ रोजी बँकांच्या आपसातील सरकारी रोख्यांच्या व्यवहारांसाठी, आणि १ डिसेंबर २०२२ रोजी सामान्य लोकांसाठी प्रयोग सुरू झाला. आरंभी मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वर ही चार शहरे आणि चार बँका त्यात होत्या. रिझर्व्ह बँक हे चलन निर्माण करते, बँका ते आपल्या ग्राहकांना पोहोचवतात, आणि ग्राहक ते फोनमधील पाकिटात ठेवतो. नोटा-नाण्यांच्या ज्या किमती, त्याच किमतींत ते मिळते. त्यावर व्याज नाही, जसे कपाटातील नोटेवर नसते. पाकीट पुरवणारी बँक अडचणीत आली, तरी त्या रुपयाचा ऋणको रिझर्व्ह बँकच राहते.

प्रयोगाला प्रतिसाद किती मिळाला? मार्च २०२५ च्या अखेरीस सतरा बँका आणि सुमारे साठ लाख वापरणारे त्यात होते, आणि चलनात असलेल्या डिजिटल रुपयाचे मोल सुमारे एक हजार सोळा कोटी होते. आकडा मोठा वाटतो. पण त्याच वेळी देशात छत्तीस लाख कोटींहून अधिक किमतीच्या नोटा फिरत होत्या. म्हणजे शंभर रुपयांच्या नोटांमागे डिजिटल रुपया तीन पैशांहूनही कमी. डिसेंबर २०२३ मध्ये दिवसाला दहा लाख व्यवहारांचा टप्पा गाठला गेला होता. परंतु त्यासाठी काही बँकांनी आपल्या नोकरवर्गाची काही देणी या चलनात दिली होती, आणि पुढे तो वेग टिकला नाही. नायजेरियात याहून कठीण अनुभव आला. तेथे ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा निघाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, कोणताही आठवडा घेतला तर शंभरांतील अठ्ठ्याण्णवांहून अधिक पाकिटे त्यात एकदाही उघडली जात नव्हती.

यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की ज्याची लोकांना गरज वाटत नाही, ते सरकारने देऊ नये. या आक्षेपाचा विचार गंभीरपणे करावयास हवा. म्हणून या चलनाच्या बाजूने जी कारणे सांगितली जातात, ती एकेक करून तपासू.

पहिले कारण खर्चाचे. नोटा छापण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०२४-२५ साली सहा हजार कोटींहून अधिक रुपये खर्च आला. शिवाय त्या वाहून नेणे, मोजणे, जुन्या नष्ट करणे हा व्याप वेगळाच. परंतु डिजिटल चलन आले म्हणून नोटा बंद होत नाहीत. दोन्ही व्यवस्था काही दशके शेजारी शेजारी चालवाव्या लागतील, आणि संगणकांच्या सुरक्षेलाही पैसा लागतोच. तेव्हा केवळ बचतीसाठी हा खटाटोप करावा, असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण दूरच्या आणि दुर्बल लोकांपर्यंत पोहोचण्याचे. बहामा हा देश सुमारे सातशे लहानमोठ्या बेटांचा. तेथील विखुरलेल्या वस्तीला बँकेच्या शाखा पुरवणे महाग पडते. त्या देशाने ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सँड डॉलर’ नावाचे डिजिटल चलन देशभर लागू केले. त्याच्या आदल्याच वर्षी डोरियन चक्रीवादळाने तेथील दोन बेटांची वाताहत केली होती. तेव्हा अशा प्रसंगी पैशाचे व्यवहार कसे चालू राहतील, ही चिंता त्यामागे होती. आपल्या देशातही मेळघाटातील पाडा, गडचिरोलीतील जंगलवस्ती, हिमालयातील खेडे अशी ठिकाणे आहेत, जेथे बँक दूर आहे आणि फोनची साद केव्हा तुटेल याचा नेम नाही. पण नेमके अशाच ठिकाणी कागदी नोट आज बिनतक्रार काम करते. तेथे डिजिटल रुपया उपयोगी पडायचा तर तो इंटरनेटविना एका हातातून दुसऱ्या हातात गेला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने या दिशेने प्रयोग करण्याची घोषणा केली, ती याच जाणिवेने. ही सोय साधली नाही, तर ज्याच्याकडे आधीच सर्व आहे त्यालाच आणखी एक साधन दिल्यासारखे होईल.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते समजण्यासाठी स्वीडनकडे पाहावे लागते. युरोपातील पहिल्या कागदी नोटा १६६१ साली स्टॉकहोममध्येच निघाल्या. ती बँक थोड्याच वर्षांत कोसळली आणि १६६८ साली तेथील मध्यवर्ती बँक अस्तित्वात आली. आज कार्यरत असलेल्या मध्यवर्ती बँकांत ती सर्वांत जुनी. त्याच देशात रोकड इतकी मागे पडली की, पुष्कळ दुकानांतून नोटा घेण्यास नकार मिळू लागला. तेव्हा या बँकेने २०१७ साली स्वतःलाच प्रश्न केला की, नागरिकाच्या हाती राज्याचा पैसाच उरला नाही तर काय होईल? तिने ‘ई-क्रोना’वर कित्येक वर्षे प्रयोग केले. २०२३ साली सरकारी चौकशी समितीने तूर्त त्याची निकड नाही असे मत दिले. पण युरोपात युद्धाची छाया पडताच त्याच देशाने नागरिकांना पाठवलेल्या सूचनापुस्तिकेत काही रोकड घरी ठेवण्याचा सल्ला दिला. संकटकाळी चालणारा पैसा शांततेच्या काळात जपावा लागतो, हा धडा त्या देशाच्या अनुभवात आहे.

आपल्या बँकेतील शंभर रुपये शेजारच्या बँकेतील शंभरांच्या बरोबरीचे का असतात? कारण दोन्हींचे रूपांतर केव्हाही रिझर्व्ह बँकेच्या शंभर रुपयांत करता येते. ही सोय म्हणजे सर्व वचनांना बांधून ठेवणारा खुंटा आहे. तो खुंटा आज कागदाचा आहे. उद्या कागद व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला, तर हा खुंटा कशाचा असेल? जून २०१९ मध्ये फेसबुक कंपनीने ‘लिब्रा’ नावाचे स्वतःचे जागतिक चलन काढण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा अनेक मध्यवर्ती बँका खडबडून जाग्या झाल्या. ती योजना पुढे गुंडाळली गेली. परंतु डॉलरशी बांधलेली खासगी डिजिटल नाणी आज जगाच्या बाजारात फिरत आहेतच. प्रत्येक कंपनीचे नाणे निराळे आणि प्रत्येकाची पत निराळी, अशी स्थिती आली तर अंकुशी आणि चांदवडीचे दिवस नव्या वेषात परत येतील. फरक एवढाच की बट्टा घेणारा सराफ समोर दिसणार नाही.

डिजिटल चलनाची बाजू इतकी सबळ असली, तरी त्याचे धोकेही तितकेच खरे आहेत. पहिला धोका बँकांना आहे. बँक आपल्या ठेवी तिजोरीत ठेवून देत नाही. त्यांतून शेतकऱ्याला पीककर्ज, कारखानदाराला भांडवल, नोकरदाराला घरासाठी कर्ज देते. बँकेतील ठेव आणि रिझर्व्ह बँकेचे बिनजोखमीचे वचन ही दोन्ही फोनवर एकमेकांशेजारी दिसू लागली, तर नुसत्या अफवेनेही लाखो लोक एका रात्रीत ठेवी तिकडे वळवतील. पूर्वी बँकेवर धाड पडे, तेव्हा रांगा लागत आणि रांगेलाही वेळ लागे. आता रांग लागत नाही. ९ मार्च २०२३ या एका दिवसात अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी बेचाळीसशे कोटी डॉलर काढून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद झाली. त्या वेळी पैसा निदान दुसऱ्या बँकांत तरी गेला. तो मध्यवर्ती बँकेत जाऊन बसला, तर कर्जे कोण देणार?

याला उपाय आहे. अमेरिकेचे नोबेल पारितोषिकविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९८७ सालीच असे सुचवले होते की, ठेवीची सोय आणि नोटेची सुरक्षितता एकत्र असणारे साधन जनतेला द्यावे. ते द्यायचे, पण मर्यादेत. डिजिटल चलनावर व्याज देऊ नये, आणि एका माणसाने किती बाळगावे याला मर्यादा असावी. युरोपात प्रत्येकी तीन हजार युरोंची मर्यादा चर्चेत आली. बँक ऑफ इंग्लंडने २०२३ साली दहा ते वीस हजार पौंडांची सुचवली. आपल्याकडे आकडा कोणता असावा, हे अनुभवाने ठरेल. महिन्याच्या घरखर्चाला पुरेल आणि जन्माची पुंजी मात्र त्यात मावणार नाही, हे त्याचे सूत्र असावे.

दुसरा धोका नागरिकाच्या खासगीपणाला आहे. नोट हातातून गेली की व्यवहार संपतो. कोणी, कोणाला, कशासाठी दिले याची नोंद कोठेही राहत नाही. हा गुण चोराला उपयोगी पडतो, हे खरे. पण तो काही चोरासाठीच नाही. डाळीच्या डब्यात चार पैसे बाजूला ठेवणारी गृहिणी, आपल्या आजाराचा गवगवा नको असलेला रोगी, नाव न सांगता दान देणारा दाता, वरिष्ठांविरुद्ध सल्ला घेण्यासाठी वकिलाकडे जाणारा कर्मचारी, यांनाही तोच गुण आधार देतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. रिझर्व्ह बँकेनेही ऑक्टोबर २०२२ च्या आपल्या संकल्पना-टिपणात, लहान रकमांच्या व्यवहारांना रोकडीसारखी अनामिकता असावी, हे तत्त्व मान्य केले आहे. करचुकवेगिरी आणि काळा पैसा रोखणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्यासाठी मोठ्या रकमांची नोंद ठेवणे योग्यच. परंतु किराणा, औषध आणि वर्गणी यांचा हिशेब ठेवण्याचे कारण नाही. आणि हे केवळ टिपणात असून भागत नाही. ते कायद्यात असावे.

तिसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. डिजिटल चलनाला अटी घालता येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनमधील शेंझेन शहरात सोडत काढून पन्नास हजार लोकांना प्रत्येकी दोनशे युआन डिजिटल चलनात देण्यात आले. पण ते सुमारे आठवड्याभरात खर्च न केल्यास परत घेतले जाणार होते. आपल्याकडेही ठरावीक कामासाठीच खर्च होईल अशा रुपयाचे प्रयोग चालू आहेत. खतासाठी दिलेले अनुदान खतावरच खर्च व्हावे, यात गैर काही नाही. पण ज्या यंत्रणेने खताची अट घालता येते, तिनेच उद्या गावाची, दुकानाची, मुदतीची अटही घालता येईल. कोणी म्हणेल, सरकारला नोटेवरही अधिकार आहेच. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा चलनातील मोलाच्या सुमारे शहाऐंशी टक्के नोटा एका रात्रीत बाद ठरल्या. हे खरे आहे. परंतु तो निर्णय सर्वांवर एकदम आणि उघडपणे लागू झाला. त्यावर संसदेत वाद झाला, न्यायालयात खटला चालला. एकाच माणसाचा रुपया गुपचूप निकामी करता येणे, ही वेगळ्या जातीची सत्ता आहे, आणि तिचा वाद ऐकायला कोणी जमणार नाही.

असल्याच भयामुळे अमेरिकेच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये आदेश काढून मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनाला तेथे मनाई केली. त्या भयाला आधार आहे. पण नुसत्या मनाईने नोंदी थांबत नाहीत. व्यवहारांच्या नोंदी तेथे बँकांकडे आणि कंपन्यांकडे जमा होत आहेतच. राज्याने माघार घेतली की जागा मोकळी राहत नाही. ती दुसरा कोणी घेतो, आणि त्याला मतपेटीतून जाब विचारता येत नाही.

म्हणून माझे मत असे की, रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपया काढावा, पण तो नोटेच्या गुणांचा वारस म्हणून. कागदी नोट आणि नाणे चालू राहावे, आणि ते कोणी नाकारू नये. डिजिटल रुपया इंटरनेटविना चालावा. लहान रकमांचा व्यवहार निनावी राहील, हे कायद्याने निश्चित व्हावे. त्यावर व्याज नसावे आणि तो बाळगण्याला मर्यादा असावी, म्हणजे बँकांचे कर्जपुरवठ्याचे काम सुरळीत चालेल. सरकारी अनुदानाला अट घालायचीच असेल, तर ती पहिल्या हातापुरती असावी. खत विकत घेतले की दुकानदाराच्या हाती येणारा रुपया बिनशर्त असावा. ज्या रुपयाच्या पाठीवर कायमची अट लिहिलेली असते तो रुपया राहत नाही, ती शिधापत्रिका होते. आणि असे दोन प्रकारचे रुपये बाजारात आले की पहिल्या दिवसापासून एकावर बट्टा लागणार.

या कामात घाई करण्याचे कारण नाही. वापरणारे किती झाले, यावरून डिजिटल रुपयाचे यश मोजण्यात अर्थ नाही. ते आकडे भत्ते वाटूनही फुगवता येतात. एखादी बँक बंद पडते, पुराने तारा तुटतात, फोनचे जाळे कोसळते, त्या दिवशी मजुराच्या हाती आलेली मजुरी संध्याकाळी वाण्याकडे चालते की नाही, हे त्याचे माप आहे. ते माप नजरेसमोर ठेवून सावकाश चाललेला प्रयोग, गाजावाजा करून लादलेल्या योजनेपेक्षा अधिक टिकेल.

आणि हा विषय केवळ अर्थशास्त्रज्ञांचा आहे, असे समजून आपणही स्वस्थ बसू नये. उद्या कोणी आपल्यापुढे पैशाचे नवे रूप घेऊन आले, मग ते सरकार असो, बँक असो वा कंपनी असो, तर त्याला तीन साधे प्रश्न विचारावेत. हे वचन कोणाचे? माझा व्यवहार कोणाला दिसणार? आणि वीज गेली, जाळे तुटले, तर हे चालेल काय? आपल्या आजोबा-पणजोबांनी सराफाच्या पेढीवर रुपया वाजवून घेतल्याशिवाय कनवटीला लावला नाही. रुपया आता वाजत नाही. म्हणून तो पारखून घेण्याचे हे प्रश्न आपल्याला पाठ असले पाहिजेत.